फुलांच्या प्रदर्शनाशेजारचा रकाना

गेले काही महिने एक मजकूर व्हॉट्सॲप आणि फेसबुकवर फिरतोय. माझ्याकडे तो तीन ग्रुपांवरून आला, परवा आत्यानेही पाठवला, म्हणून हे लिहायला बसले. मजकूर इंग्लंडबद्दल आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या वीस वर्षांत तिथल्या लहान शहरांतून निघणारी स्थानिक वर्तमानपत्रं चाळली, तर म्हणे फुलांची प्रदर्शनं, चर्चच्या सहली, क्रिकेटचे सामने आणि लग्नांची वर्णनं यापलीकडे काही सापडत नाही. घरांना कुलपं नव्हती, मुलं रस्त्यावर निर्धास्त खेळायची, लोक निरोगी होते, हाताला काम होतं, वर्तमानपत्रं खोटं छापत नव्हती आणि ती गावाच्याच मालकीची होती. सोबत दोन फोटो. एकात कार्निव्हलची मिरवणूक, दुसऱ्यात उत्तर इंग्लंडमधल्या डार्वेन गावच्या कापडगिरणीत हसऱ्या कामगार बायकांच्या घोळक्यात उभे असलेले गांधीजी. शेवटी तात्पर्य असं की मोबाईल आणि चॅनेलांनी जगाची वाट लावली.

ही वर्तमानपत्रं मी गेली काही वर्षं वाचते आहे. ब्रिटिश लायब्ररीच्या संग्रहातली लाखो पानं आता संगणकावर बघता येतात, आणि एकदा त्यांत शिरलं की रात्रीचा एक कधी वाजला ते कळत नाही. फुलांची प्रदर्शनं त्यात आहेत, भरपूर आहेत. पण ज्याने हा मजकूर लिहिला त्याने शेजारचा रकाना वाचलेला नाही.

एखादा साप्ताहिक अंक उघडा. पहिल्या पानावर बहुतेक ठिकाणी बातमी नसतेच, नुसत्या जाहिराती: लिलाव, कोळसा, घरकामाला मुलगी पाहिजे. बातम्या आत, डोळे फुटतील अशा बारीक टाइपात. लग्नाच्या बातमीत नवरीच्या पोशाखाचं कापड, करवल्यांच्या हातातली फुलं, आणि कोणी काय आहेर दिला त्याची नावानिशी यादी. मयताला कोण आलं, पुष्पचक्र कोणाचं, तेही नावानिशी. ज्याचं नाव छापून येतं त्याच्या घरचे आणि शेजारचे अंक विकत घेतात, हे संपादकांना पक्कं ठाऊक होतं.

याच पानांत 'इन मेमोरियम', म्हणजे मेलेल्यांच्या स्मरणार्थ, असा एक रकाना असतो. जुलै लागला की उत्तर इंग्लंडच्या पत्रांत तो लांबत जातो. 1 जुलै 1916 ला, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी ब्रिटिश फौजेचे 19 हजारांहून अधिक सैनिक मेले. एका गावची, एका गिरणीची पोरं एकाच तुकडीत भरती केलेली होती. लँकेशरमधल्या ॲक्रिंग्टन या गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तुकडीत त्या सकाळी सुमारे 700 जण खंदकातून बाहेर पडले, त्यातले 580 च्या वर ठार, जखमी किंवा बेपत्ता झाले. मग 1921, 1926, 1931, 1936 चे अंक बघा. आईवडील दर वर्षी त्याच तारखेला पैसे भरून चार ओळी छापतात. काही वर्षांनी वडिलांचं नाव खालून गळतं, नुसतं आईचं राहतं. हा रकाना ज्याने एकदा वाचला तो त्या काळाला निश्चिंत काळ म्हणू शकणार नाही.

आता एकेक म्हणणं घेते.

घरांना कुलपं नव्हती, गुन्हे नव्हते. यात एक गोष्ट खरी आहे आणि ती आधी मान्य करते: नोंदलेले गुन्हे आजच्या मानाने खूपच कमी होते. पण ते नव्हते असं नाही आणि स्थिरही नव्हते. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांकडे नोंदलेले गंभीर गुन्हे 1921 ला सुमारे 1 लाख 3 हजार होते, 1938 ला 2 लाख 83 हजार. सतरा वर्षांत पावणेतीनपट. आणि नोंदलंच गेलं नाही त्याचं काय? पोलीस कोर्टाचा रकाना दर आठवड्याला असतो. दारू पिऊन धिंगाणा, सायकलला दिवा नाही, कुत्र्याचा परवाना काढला नाही, रेडिओचा 10 शिलिंगांचा परवाना चुकवला, गल्लीच्या कोपऱ्यावर घोड्यांचा जुगार. गॅसचा मीटर फोडून आतली नाणी पळवणं ही तर नेहमीची चोरी. तेव्हा गरीब घरांत मीटरमध्ये पेनी टाकली की तेवढ्यापुरता गॅस मिळायचा, आणि घरात रोकड म्हणून असायची ती त्या डब्यातच. कुलूप नसण्यामागे शेजाऱ्यावरचा भरवसा होता, तसंच उचलून नेण्यासारखं घरात काही नव्हतं हेही कारण होतं.

त्याच कोर्टात बायका नवऱ्यापासून विभक्त राहण्याचा हुकूम मागायला येतात. कारण लिहिलेलं असतं 'सततची क्रूरता'. चार ओळींची बातमी, आठवड्याला किती शिलिंग पोटगी मिळणार तो आकडा, की लगेच पुढची केस. आत्महत्येचा प्रयत्न फसला तर तोही गुन्हा होता, 1961 पर्यंत. वाचलेल्या माणसाला दवाखान्यातून कोर्टात उभं करत आणि त्याचं नाव, पत्ता, कारण सगळं शुक्रवारच्या अंकात येई. आज अशा माणसाचं नाव छापू नये, असं मानलं जातं. या बाबतीत आपण सुधारलो, हे मी ठामपणे म्हणते.

मुलं रस्त्यावर निर्धास्त खेळायची. हे वाक्य वाचून मला सगळ्यात जास्त त्रास झाला, कारण वस्तुस्थिती याच्या बरोब्बर उलटी आहे. 1934 साली ब्रिटनच्या रस्त्यांवर 7,343 माणसं मेली आणि 2 लाख 31 हजारांवर जखमी झाली. तेव्हा सगळ्या देशात मिळून वाहनं होती 24-25 लाखांच्या आसपास. आज तिथे 4 कोटींहून अधिक वाहनं आहेत आणि वर्षाला मरणाऱ्यांचा आकडा 1,600-1,700 च्या आसपास असतो. 1934 ला मेलेल्यांत निम्म्याच्या आसपास पायी चालणारे होते.

असं का झालं तेही कायद्यांच्या तारखांवरून कळतं. 1930 च्या कायद्याने मोटारींची ताशी 20 मैलांची जुनी मर्यादा काढून टाकली. ती कोणी पाळत नव्हतं म्हणून काढली, पण तिच्या जागी मोटारीला दुसरी मर्यादाच ठेवली नाही. गाडी चालवायची परीक्षा नव्हती. 17 वर्षं पूर्ण झाली आणि 5 शिलिंग भरले की परवाना. चालवता येतं का, हे कोणी विचारत नसे. मरणाऱ्यांचे वाढते आकडे बघून सरकार हादरलं. लेस्ली होर-बेलिशा वाहतूकमंत्री झाले, रस्ता ओलांडायच्या जागी नारिंगी गोळ्यांचे खांब आले, 1935 च्या मार्चपासून वस्तीत ताशी 30 मैलांची मर्यादा आली आणि जूनपासून परीक्षा सक्तीची झाली. त्याच सुमाराला हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉने रस्त्यात बसवायची, दिव्यात चमकणारी 'मांजराचे डोळे' ही काचेची खूण बनवली.

स्थानिक पत्रात हे सगळं कोरोनरच्या, म्हणजे आकस्मिक मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, चौकशीच्या रूपाने येतं. गाडीवाला सांगतो, पोरगं बसच्या मागून एकदम पळत आलं. बसचा वाहक साक्ष देतो, मग शेजारीण. ज्यूरी 'अपघाती मृत्यू' असा निर्णय देते आणि आईबापांबद्दल सहानुभूती व्यक्त करते. अंकामागून अंक वाचत गेलं की साक्षीतले शब्दसुद्धा पाठ होतात. मुलांना खेळायला जागा म्हणून काही गल्ल्या वाहनांना बंद करता याव्यात यासाठी 1938 ला संसदेला वेगळा कायदा करावा लागला. आणि गल्लीत फुटबॉल खेळल्याबद्दल पोरांना दंड झाल्याच्या बातम्या तर कितीतरी आहेत.

लोक निरोगी होते. 1930 ला इंग्लंड-वेल्समध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी 60 पहिल्या वाढदिवसाआधी जात होती. आज हा आकडा 4 च्या आसपास आहे. घटसर्पाने वर्षाला सुमारे 3 हजार मरत, बहुतेक मुलंच. लस सापडलेली होती, पण देशभर मोहीम सुरू व्हायला 1940 उजाडलं.

आणि आता तो कार्निव्हलचा फोटो. फुलांनी सजवलेल्या गाड्या, मुकुट घातलेली मुलगी, वेशांतर केलेली माणसं, ब्रास बँड. मजकूर सांगतो, बघा किती आनंदी होते. अशा मिरवणुकांच्या बातम्या खालपर्यंत वाचल्या की बहुतेकदा शेवटच्या परिच्छेदात पैशांचा हिशोब येतो: डबे हलवून किती पौंड, शिलिंग, पेन्स जमले आणि ते कॉटेज हॉस्पिटलला किंवा शहराच्या इन्फर्मरीला (मोठ्या दवाखान्याला) कसे दिले. सरकारी खर्चाने सगळ्यांना उपचार 5 जुलै 1948 नंतर मिळायला लागले. त्याआधी कितीतरी दवाखाने देणग्यांवर, कामगारांच्या पगारातून आठवड्याला कापल्या जाणाऱ्या पेन्सवर आणि अशा कार्निव्हलांवर चालत होते. एक्स-रे यंत्र घ्यायचं, नर्सना राहायला खोल्या बांधायच्या, म्हणून गावाने वेश चढवून रस्त्यावर नाचायचं. मला त्या लोकांचं मनापासून कौतुक आहे. अंगात उत्साह होता आणि एकमेकांसाठी काही करायची तयारी होती. पण त्या हसण्यामागे गावाच्या दवाखान्यातली रिकामी तिजोरी होती, हे दडवून तो फोटो सुखाचा पुरावा म्हणून फिरवणं बरोबर नाही.

हाताला काम होतं. 1933 च्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये नोंदलेले बेकार 30 लाखांच्या जवळ पोचले होते. टाइन नदीकाठच्या जॅरोमध्ये जहाजबांधणीची गोदी बंद झाल्यावर दहातले सात कामगार घरी बसले, आणि ऑक्टोबर 1936 ला तिथले 200 जण काम मिळावं असा अर्ज घेऊन पायी लंडनला निघाले. खासदार एलन विल्किन्सन बाई त्यांच्याबरोबर चालल्या. 1931 च्या अखेरीस 'मीन्स टेस्ट' आली: बेकारीचा भत्ता मागणाऱ्याच्या घरी तपासनीस येणार, कमावत्या मुलाचा पगार मोजणार, सामानसुमानाकडे बघणार, आणि त्यानुसार बापाचा भत्ता कापणार. मुलगी गिरणीत जाते म्हणून बापाचे पैसे बंद. कित्येक घरांतली कमावती मुलं त्यापायी वेगळी राहायला गेली. एकत्र कुटुंबाचे गोडवे गाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. सप्टेंबर 1932 ला याच संतापातून बर्कनहेडला दंगल झाली.

काम होतं त्या ठिकाणीही ते जिवावर बेतत होतं. 10 मे 1938 ला डर्बीशरमधल्या मार्कम कोळसाखाणीत स्फोट झाला, 79 जण मेले. त्या आठवड्यातल्या तिथल्या पत्रांत नावांच्या याद्याच याद्या आहेत.

हे सगळीकडे सारखं नव्हतं, हे सांगायलाच हवं. कॉव्हेंट्री, ऑक्सफर्ड, स्लाऊ या शहरांत मोटारी आणि विजेच्या वस्तूंचे कारखाने जोरात होते. दोन युद्धांच्या मधल्या काळात जवळजवळ 40 लाख नवी घरं उभी राहिली, आणि दक्षिणेकडच्या पत्रांत बाग आणि न्हाणीघरासकट घर हप्त्याने घ्या अशा जाहिराती भरभरून येत. त्याच तारखेचा उत्तरेकडच्या डरॅमचा अंक काढला की बेकारांसाठी सूप वाटपाची बातमी मिळते.

गांधीजींच्या फोटोबद्दल थोडं सविस्तर, कारण तो आपल्याकडे फार प्रेमाने फिरतो. 1931 च्या सप्टेंबरमध्ये गोलमेज परिषदेच्या दिवसांत ते लँकेशरला, इंग्लंडच्या कापडगिरण्यांच्या भागात, गेले आणि 26 तारखेला डार्वेनच्या ग्रीनफील्ड मिलमध्ये त्या बायकांना भेटले. हात उंचावून केलेला तो जयघोष खरा आहे. पण ज्या बायका गिरणीत दिसतात त्यांच्याकडे निदान काम होतं. 1913 ला हिंदुस्थानात लँकेशरचं सुमारे 300 कोटी वार कापड येत होतं, 1931 ला ते 40 कोटींच्या आसपास उतरलं. आपल्याकडच्या गिरण्या, जपानी कापड, वाढवलेली जकात आणि बहिष्कार, चारही कारणं त्यामागे होती. त्याच वर्षीच्या जानेवारीत एका विणकराने जास्त माग सांभाळायचे की नाही यावरून गिरण्यांत टाळेबंदी झाली होती. गांधीजींनी बेकारांचं गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि सांगितलं की तुमचे 30 लाख बेकार आहेत, आमच्याकडे 30 कोटी माणसं वर्षातला अर्धा काळ बेकार असतात. पोटावर पाय आलेली माणसं आणि ज्याच्या बहिष्काराने तो आला तो माणूस समोरासमोर उभे राहिले आणि एकमेकांशी नीट बोलले. त्या फोटोची खरी किंमत ही आहे. 'तेव्हा सगळे सुखात होते' असं खाली लिहिलं की ती किंमतच निघून जाते.

वर्तमानपत्रं खोटं छापत नव्हती, घाण छापत नव्हती. घाणीचं आधी. घटस्फोटाच्या खटल्यांतले शयनगृहातले तपशील वर्तमानपत्रं इतक्या चवीने छापत होती की 1926 ला संसदेने कायदा करून ते बंद केलं. पक्षकारांची नावं, आरोप थोडक्यात आणि न्यायाधीशाचं म्हणणं, एवढंच छापायची मुभा राहिली.

खोट्याचं उदाहरण हॅलिफॅक्सचं. यॉर्कशरमधलं हे कापडगिरण्यांचं शहर. 16 नोव्हेंबर 1938 ला गिरणीत काम करणाऱ्या दोघी जणी डोक्याला जखमा घेऊन आल्या. हातात लाकडी हातोडा आणि बुटांवर चकाकणारे बक्कल असलेल्या माणसाने हल्ला केला, असं त्यांनी सांगितलं. काही दिवसांनी आणखी एकीने सांगितलं, वस्तऱ्याने वार झाला. मग रोज नवी माणसं पुढे यायला लागली. बातम्या छापून येत होत्या, त्या वाचून आणखी हल्ले 'होत' होते. संध्याकाळी दुकानं ओस पडली. काठ्या घेतलेली टोळकी गल्ल्यांतून फिरू लागली, आणि संशयावरून भलत्याच माणसांवर जमाव धावून गेला. लंडनहून स्कॉटलंड यार्डचे अधिकारी बोलवावे लागले. 29 तारखेला एका 'जखमी' माणसाने कबूल केलं की वार आपणच आपल्या अंगावर करून घेतले. मग एकामागून एक बाकीचेही बोलले. हल्लेखोर कधी नव्हताच. पाच जणांवर खटले भरले गेले, चौघांना तुरुंगात जावं लागलं. हे सगळं दोन आठवड्यांत, एकाही मोबाईलशिवाय. आपल्याकडे मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून माणसं मारली गेली, ते ज्यांना आठवतंय त्यांना हॅलिफॅक्सचे ते अंक फार ओळखीचे वाटतील.

शेवटचं म्हणणं, पत्रं गावाच्या मालकीची होती. युद्धाआधी बरीचशी होती. पण या वीस वर्षांतच ती भराभर लंडनच्या हातात गेली. 1928 ला लंडनच्या 'डेली मेल'चा मालक लॉर्ड रॉदरमियर याने गावोगाव सायंदैनिकं काढायला कंपनी उभी केली, समोर अनेक पत्रांचे मालक असलेले बेरी बंधू होते, आणि दोघांच्या झुंजीत जुनी पत्रं चिरडली. ब्रिस्टलमध्ये 1932 च्या जानेवारीत दोघांनी तडजोड केली आणि शहराचं जुनं सायंदैनिक बंद पडलं, रॉदरमियरचं तेवढं उरलं. तेव्हा ब्रिस्टलच्या लोकांनी गप्प न बसता भागभांडवल गोळा केलं आणि 18 एप्रिल 1932 ला स्वतःचं 'ब्रिस्टल इव्हनिंग पोस्ट' काढलं. त्याच्या नावाखाली ओळ होती: साऱ्या ब्रिस्टलने मागितलेलं आणि उभं करायला हातभार लावलेलं पत्र. मजकूर लिहिणाऱ्याला गावाच्या मालकीचंच उदाहरण हवं होतं तर हे होतं, पण त्यासाठी गाव आधी मालकी गमावून बसलं होतं हेही सांगावं लागलं असतं.

मला या वर्तमानपत्रांविषयी जिव्हाळा आहे, तो त्यांच्या शांततेमुळे नाही. प्रत्येक कोर्टात, नगरपालिकेच्या प्रत्येक बैठकीत, प्रत्येक चौकशीत त्यांचा एक माणूस लघुलिपीची वही घेऊन बसलेला असे. 1936 ला राजा आठवा एडवर्ड आणि त्याला जिच्याशी लग्न करायचं होतं ती घटस्फोटित अमेरिकन बाई मिसेस सिम्पसन यांच्याबद्दल अमेरिकेतली पत्रं महिनोन्‌महिने लिहीत होती, लंडनची बडी पत्रं गप्प होती. 1 डिसेंबरला ब्रॅडफर्डच्या बिशपने तिथल्या धर्मपरिषदेत भाषण केलं. राजाला ईश्वरी कृपेची गरज आहे आणि तिची जाणीव त्याने जास्त दाखवावी, एवढंच. असल्या परिषदेला कोण जातं? पण ब्रॅडफर्डच्या सायंदैनिकाचा बातमीदार तिथे होता. त्याला त्या वाक्याचं वजन कळलं, त्याने ते तारेने पुढे पाठवलं, आणि दुसऱ्या दिवशी लीड्सच्या 'यॉर्कशर पोस्ट'ने आणि उत्तरेच्या इतर पत्रांनी ते अग्रलेखासकट छापलं. 3 तारखेला लंडनला तोंड उघडावं लागलं, 11 तारखेला राजा पायउतार झाला. भाषण लिहिताना त्या प्रकरणाची आपल्याला कल्पना नव्हती, राजा चर्चला येत नाही एवढंच मनात होतं, असं बिशपने नंतर सांगितलं.

2005 पासून ब्रिटनमधली दोनशेहून अधिक स्थानिक पत्रं बंद पडली आहेत. कोर्टातल्या आणि नगरपालिकेतल्या त्या बाकावर आता किती गावांत कोणी बसतं, असं या मजकुराने विचारलं असतं, तर तो मी स्वतः पुढे पाठवला असता.